पिवळा ठिपका

बोअरमध्ये मोटार सोडण्याआधी मी ती हौदात चालवून बघतो. पस्तीस वर्षं हाच नियम. एकदा मोटार तीनशे फूट खाली गेली की ती कितीही कुरकुरली तरी वरून काही करता येत नाही. पाइप उपसा, केबल उपसा, चार माणसं बोलवा, दिवस जातो. हौदात ती डोळ्यांसमोर असते. आवाज ऐकू येतो, चूक सापडते.

मिरजेत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. हे आधी सांगतो, कारण नवलनगरीची पूर्वफेरी म्हणजे काय ते मला या हौदामुळेच कळलं.

नवलनगरी साताऱ्यापुढच्या माळावर उभी आहे. सातशे एकर जागा. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, बर्फाची गुहा, राहायला हॉटेलं. मधोमध गरुडझेप नावाची गाडी आहे, ती माणसांना वीस मजले वर नेते आणि सोडून देते. रोज साठ हजार माणसं येतात. पहिल्या वर्षी एवढ्या रांगा लागल्या की कुटुंबंच्या कुटुंबं भांडून अर्ध्यातून परत गेली. मग त्यांनी पूर्वफेरी आणली.

पूर्वफेरी अशी असते. घरातल्या प्रत्येकाने एकशेचाळीस प्रश्नांची उत्तरं द्यायची. शिवाय हल्ली सगळ्यांच्या मनगटावर जो पट्टा असतो, त्यातली मागची नोंद द्यायची. नाडी, चाल, झोप, भूक कधी लागते, डोकं कधी तापतं, सगळं. त्यावरून संगणक प्रत्येकाचा एक ठिपका तयार करतो. चेहरा नाही, आवाज नाही, नुसता रंगीत ठिपका. पण तो तुमच्यासारखा चालतो, तुमच्यासारखा दमतो आणि तुम्ही जिथे चिडाल तिथेच चिडतो. हे ठिपके संगणकातल्या नवलनगरीत तीन दिवस फिरवतात. एकदा नाही, दहा हजार वेळा. कधी आधी पाणी मग पाळणे, कधी उलट. कुणी काय करायचं हे उत्तरांवरून ठरतं, आणि ते करताना त्याला कसं वाटेल हे पट्ट्यावरून. प्रत्येकाला शंभरपैकी आनंदांक मिळतो. ज्या क्रमाच्या फेऱ्यांत घराची सरासरी सगळ्यात जास्त, तो तुमचा कार्यक्रम.

"म्हणजे हौद," मी अभिनंदनला म्हटलं. अभिनंदन माझा मुलगा.

"हौद नाही अप्पा, सिम्युलेशन."

"हौदच."

माझी बायको राजमती चौदा महिन्यांपूर्वी गेली. तोवर घरातली प्रत्येक सहल तिने ठरवली. आम्ही फक्त गाडीत बसायचो. ती गेल्यावर तीन वेळा कुठे जायचं यावर बोलणं झालं आणि तिन्ही वेळा चहाबरोबर संपलं. या वर्षी मार्चमध्ये माझी नात कृती, वय नऊ, म्हणाली, "आज्जी असती तर एव्हाना बॅगा भरून झाल्या असत्या."

मी म्हटलं, "मी ठरवतो."

घराचं खातं राजमतीच्याच नावावर होतं. गुरुवारी संध्याकाळी मी ते उघडलं, तर तिथे नवलनगरीची एक पूर्वफेरी तयारच होती. दोन वर्षांपूर्वी तिने केलेली. तेव्हा जायचं ठरलंही होतं, मग तिचे रिपोर्ट आले आणि सगळं राहिलं. खाली बटण होतं, 'मागची पूर्वफेरी पुन्हा चालवा.' जुन्या गिऱ्हाइकाची मोटार आली की मी पुन्हा वेढे मोजत बसत नाही. जुनं कार्ड काढतो आणि त्याबरहुकूम तार भरतो. हात तसाच गेला. बटण दाबलं.

सहा मिनिटांत उत्तर आलं. त्र्याण्णव. अभिनंदन, सूनबाई तेजल, कृती सगळे टेबलाभोवती जमले. त्यांच्या ऑफिसातल्या कुणालाही ऐंशीच्या वर मिळाले नव्हते म्हणे.

अभिनंदन कार्यक्रम वाचायला लागला आणि थांबला. "पावणेसहाला जेवण? रिसॉर्टमध्ये? अप्पा, त्या वेळी लोक वडापाव खातात."

आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवायची रीत आहे. आम्ही बाकीचे जमेल तशी पाळतो, राजमतीने कधी मोडली नाही.

तेजलने पडद्यावर बोट ठेवलं. "अप्पा, ठिपके पाच आहेत."

निळा मी. लाल अभिनंदन, हिरवी तेजल, गुलाबी कृती. आणि एक पिवळा.

"जुनं तसंच आलंय," अभिनंदन म्हणाला. "थांबा, मी काढतो."

"हात लावू नकोस."

"अप्पा, रविवारी दुपारी बारापर्यंत नक्की करायचंय. नाही तर पाच जणांचे पास निघतील. फाटकावर पाचवं माणूस कुठंय विचारतील."

"रविवारला वेळ आहे."

"आज्जीला नेऊ या की," कृती म्हणाली. "ती कुठं जागा अडवतेय?"

अभिनंदन उठून गॅलरीत गेला. त्याचंही बरोबर होतं. पण नाव खोडायचं काम मी वर्षभर करत होतो, रेशनकार्डावरून, बँकेतून, गॅसच्या पुस्तकातून. आता आनंदाच्या जागेवरूनही खोडायचं, हे मला जमेना.

शुक्रवारी दुपारी मी दुकानात एका हाताने तार भरत होतो आणि समोर पडद्यावर पिवळा ठिपका बघत होतो. खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. ती चालायची तसाच तो चालत होता, आधी भरभर, मग मध्येच थांबून मागच्यांची वाट बघत. अकरा वाजता तो गरुडझेपेपाशी गेला. मला वाटलं, आता बाकावर बसेल. तो गाडीत चढला, सगळ्यात पुढच्या सीटवर. उतरला आणि पुन्हा चढला. तिसऱ्या दिवशी आणखी एकदा. आणि त्या तिन्ही वेळा निळा ठिपका, म्हणजे मी, समोरच्या बाकावर पिशव्या घेऊन बसलेला.

मी हसलो. यंत्रात मोठाच बिघाड होता. राजमती आयुष्यात कशात बसली नाही. जत्रा असो, बाग असो, ती म्हणायची, "मला चक्कर येते, तुम्ही जा." आम्ही जायचो. ती पिशव्या, चपला, डबे मांडीवर घेऊन बसायची आणि आम्ही वर गेलो की हात हलवायची.

बिघाड कुठे आहे ते शोधल्याशिवाय मला राहवत नाही. मी तिची उत्तरं उघडली. एकशेचाळीस प्रश्न, सगळे तिने एकटीने भरलेले. एकसष्टावा प्रश्न, उंचावर किंवा वेगात चक्कर येते का? उत्तर, 'कधीच नाही.' पुढे, सहलीत सामान कोण सांभाळतं? 'मी.' कुणी सांभाळावं असं वाटतं? तिथे लिहायला जागा होती. तिने लिहिलं होतं, 'ह्यांनी. एकदा तरी. पण ते हरवतील.'

मी तार बाजूला ठेवली आणि इचलकरंजीला कांचनला फोन लावला. कांचन म्हणजे तिची धाकटी बहीण.

"जय जिनेंद्र दाजी! आज कशी काय आठवण?"

"कांचन, तुझ्या बहिणीला चक्कर यायची का गं?"

"कसली?"

"पाळण्यात."

ती एवढी हसली की मी फोन कानापासून लांब धरला. "तिला चक्कर? दाजी, उरुसातला पाळणेवाला हात जोडायचा, पोरी आता उतर म्हणून. मी खाली उभी राहून रडायची. ही वरनं ओरडायची, अजून एक, अजून एक!"

"मग मला तीस वर्षं चक्कर येते म्हणून का सांगितलं तिनं?"

"पन्हाळ्याचं विसरला काय? माकडानं पिशवी नेली, ती कुणाच्या हातातनं?"

"माझ्या."

"पोराचे बूट, जेवणाचा डबा, गाडीची किल्ली. सगळं दरीत."

"एकदाच झालं ते."

"मग कुणीतरी बसायला हवंच की हो दाजी."

फोन ठेवला आणि मला राजमतीचा राग आला. एकदा सांगायचं होतं. भांडायचं होतं. मी पिशवी कमरेला बांधून घेतली असती. वर जाऊन तिच्याशी कडाकडा भांडावं असं वाटलं आणि भांडायला वर ती नव्हती. मग उरलेली तार भरली. वेढे दोनदा चुकले.

शनिवारी सकाळी मीच अभिनंदनला म्हटलं, "काढ तिचं नाव." हौदात पाच मोटारी तपासायच्या आणि बोअरमध्ये चार सोडायच्या, याला तपासणी म्हणत नाहीत. तो माझ्याशेजारी बसला. 'वगळा' हे बटण मीच दाबलं.

घर बदललं म्हणून यंत्राने सगळ्यांना पुन्हा प्रश्न विचारले. दुपारी जेवल्यावर टेबलावरच आम्ही ते भरले, गलका करत, एकमेकांच्या उत्तरांत नाक खुपसत. "अप्पा, तुम्ही घोरता, तिथं नाही काय लिहिताय?" "आई, बाबा लवकर चिडतात, हो लिहिते!" तेजल तर उभ्या उभ्या, ताटं उचलताना तोंडानेच उत्तरं सांगत होती आणि कृती टिपत होती. चक्कर येते का हा माझा प्रश्न आला तेव्हा मी मोठ्या तोंडाने म्हटलं, "मला? ह्या!" आणि 'नाही' लिहिलं.

आकडा आला. ब्याण्णव.

"बघा, एकच कमी झाला," अभिनंदन म्हणाला. "काही फरक पडला नाही."

तो मला धीर द्यायला बोलला, पण मला ते फार लागलं. आख्खं माणूस काढलं आणि एक आकडा?

रविवारी सकाळी दुकानात एक जळालेली मोटार उघडी पडली होती. तीन फेजची. गिऱ्हाईक म्हणत होतं, करंट तर बरोबर होता. मी त्याला नेहमीचंच सांगितलं की तिन्ही फेज वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. दोन बऱ्या चालतात, एकीवर भार येतो, सरासरी छान दिसते आणि मोटार जळते.

हे बोलता बोलता मला आमचे ब्याण्णव आठवले. गिऱ्हाइकाला तिथेच बसवलं आणि पडदा उघडला. ब्याण्णववर बोट दाबलं की चौघांचे आकडे सुटे दिसतात. आम्ही कुणी दाबलंच नव्हतं. कृती अठ्ठ्याण्णव. मी सत्त्याण्णव. अभिनंदन शहाण्णव. तेजल सत्त्याहत्तर.

हिरव्या ठिपक्यामागे गेलो. गरुडझेपेसमोर बाकावर. पाण्याच्या घसरगुंडीसमोर बाकावर. तीन दिवसांत चार तास दहा मिनिटं बाकावर, मांडीवर आमच्या पिशव्या.

वर गेलो. तेजल थालीपीठं लावत होती.

"तेजल, तुला चक्कर येते?"

"आत्ता? नाही."

"पाळण्यात."

"येते थोडीशी."

"खरं सांग."

तिने तव्यावर झाकण ठेवलं. "अप्पा, कुणीतरी बसायला हवंच ना. आई बसायच्या. आता त्या नाहीत."

हेच वाक्य मी परवा कांचनकडून ऐकलं होतं. राजमतीचं उत्तर उघडून तिच्यापुढे धरलं. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. 'पण ते हरवतील' यापाशी तिला हसू फुटलं. हसता हसता ओढणीने डोळे पुसले आणि पुन्हा हसली.

"आईंनी लिहिलं हे? आणि त्या मला म्हणायच्या, तेजल, तुलाही चक्कर येत असेल तर ये बस. मग मलाही वाटायचं येत असेल."

"खाली दुकानात जा, आतल्या खोलीत बस, दार लाव आणि एकटीने सगळं पुन्हा भर. जे आहे ते लिही."

"आणि थालीपीठ?"

"मी बघतो."

ती गेली. मी थालीपीठ बघितलं. नुसतं बघून ते उलटत नाही हे लक्षात यायला वेळ लागला.

"कसला वास येतोय?" अभिनंदन धावत आला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने तो सत्त्याहत्तर स्वतः उघडून बघितला. मग म्हणाला, "मी कधी विचारलंच नाही तिला."

"मीही नाही विचारलं. तुला पुढे वेळ आहे."

तेजल परत आली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. तिने काय काय लिहिलं ते आम्ही विचारलं नाही. मी माझ्या उत्तरात 'सामान कोण सांभाळणार' तिथे 'मी' लिहिलं. यंत्र सुरू केलं.

एक्क्याऐंशी.

"असं कसं?" मी ओरडलो.

अभिनंदनने कारण उघडलं आणि खुर्चीत मागे पडून हसायला लागला. "अप्पा, दहा हजार फेऱ्यांपैकी तेवीसशे फेऱ्यांत तुम्ही पिशवी हरवलीय."

"माकडं नाहीत तिथं!"

"माकडं नाहीत, तरी."

कृती टाळ्या वाजवत होती. "आज्जीनं सांगितलंच होतं!"

अभिनंदनने कुलपाची कपाटं सुचवली. यंत्र म्हणालं, ती फाटकापाशी आहेत, प्रत्येक खेपेला अर्धा तास. बारा वाजायला पंचवीस मिनिटं उरली होती. माझ्या ठिपक्याची अशी बेअब्रू मला सहन होईना.

"ऐका," मी म्हटलं. "पस्तीस वर्षांत माझ्या दुकानातून एक मोटार इकडची तिकडे झाली नाही. का? मोटारीला नंबरचा पत्रा. त्याच नंबरचा दुसरा पत्रा माझ्या खिशाला. मोटार गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत माझा पत्रा सुटत नाही. पिशव्यांना पत्रे लावतो. हे सांग त्याला."

"यंत्राला पत्रा कसा सांगू?" म्हणत अभिनंदनने ते लिहिलं. यंत्राने उलट दोन प्रश्न विचारले. अशा रीतीने आजवर किती वस्तू सांभाळल्या? मी सांगितलं, अकरा हजारांच्या वर. किती हरवल्या? एकही नाही. पुन्हा ते सहा मिनिटं फिरलं. आम्ही चौघं टेबलाला कोपरं टेकून बसलो होतो. कृतीने डोळे मिटून घेतले होते.

शहाण्णव. मी बोट दाबून चारही आकडे सुटे बघितले. सगळे नव्वदच्या वर. बाराला सात मिनिटं कमी असताना 'नक्की' दाबलं.

"अप्पा," अभिनंदन म्हणाला, "आई नाही तरी जेवण पावणेसहालाच ठेवलंय यानं."

तेजलने रांगांचं पान उघडलं. आठ वाजता जेवणाच्या दालनात सव्वा तासाची रांग. पावणेसहाला रिकामं.

मे महिन्यात गेलो. माझ्या शर्टाच्या खिशाला पिनेने तीन पत्रे टोचलेले, एक, दोन, तीन. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने विचारलं, "काका, हे कसलं पदक?" कृती म्हणाली, "पिशवी न हरवल्याचं." तो बाजूला सरून सलाम ठोकून मोकळा झाला.

बाकावर बसणं मला सोपं वाटलं होतं. सोपं नसतं. ऊन फिरतं तसं सरकावं लागतं. पाण्याची बाटली कुणाची, टोपी कुणाची हे लक्षात ठेवावं लागतं. गाडी वर गेली की आपली माणसं कुठली ते ओळखून नेमक्या वेळी हात हलवावा लागतो, कारण वरून ती बघतात. मी पहिल्यांदा भलत्याच गाडीला हात हलवला. दुसऱ्या खेपेला बरोबर जमलं. तेजल पुढच्या सीटवर होती. वीस मजल्यांवरून गाडी सुटली तेव्हा तिची किंकाळी मला सगळ्यांतून वेगळी ऐकू आली. आमच्या घरात अकरा वर्षं वावरणारी मुलगी एवढ्या मोठ्याने ओरडू शकते हे मला माहीत नव्हतं.

ती उतरली आणि धावत पुन्हा रांगेत गेली. मग आली. केस सगळे उभे, ओढणी कमरेला बांधलेली. माझ्यापुढे उभी राहिली आणि हात पुढे केला.

"पत्रे द्या."

"कशाला?"

"आता मी बसते. कार्यक्रमात लिहिलंय. अकरा पस्तीस, निळा ठिपका, पुढची सीट."

मी वर बघितलं. ती गाडी कड्यावर जाऊन थांबली होती. "तेजल, मला चक्कर येते गं. तुम्हीच जा."

"फॉर्ममध्ये तुम्ही 'नाही' लिहिलंय. आम्ही सगळे टेबलाशी होतो."

"आज्जा घाबरला!" कृतीने चार माणसांत जाहीर केलं.

तेजलने माझ्या खिशाचे पत्रे एकेक करून काढले आणि आपल्या ओढणीला टोचले. मग माझा चष्माही काढून घेतला. कृतीने मला हाताला धरून नेलं. पुढच्या सीटवर आम्ही दोघं. कमरेवर दांडा खाली आला. गाडी हळूहळू चढायला लागली, साखळीचा आवाज मला ओळखीचा वाटला, म्हटलं गिअर चांगला आहे, तेल वेळेवर घालतात. बाकी काहीच ओळखीचं नव्हतं. वर जाऊन थांबली. खाली बाकावर तेजल दिसली, पिशव्या मांडीवर, बरोबर आमच्याच गाडीकडे हात हलवत होती. चष्म्याशिवाय मला चेहरा दिसत नव्हता. नुसती हात हलवणारी बाई दिसत होती.

मीही हात वर केला. तेवढ्यात गाडी सुटली.

मी केवढ्यांदा ओरडलो ते कृती अजून सगळ्यांना करून दाखवते. खाली आल्यावर घसा बसला होता. अभिनंदनने धरायला हात पुढे केला तर मी म्हटलं, "सोड. अजून एक."

चक्कर अजिबात येत नाही. राजमतीने बरोबर लिहिलं होतं.